खाली कुठंय?

१

विमानावर तोफ डागायची म्हणजे विमानाकडे नळी करायची आणि दोरी ओढायची, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. टेकडीवर रुजू झाले त्या दिवशी मास्तरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की विमान दिसतं तिथं कधीही मारायचं नाही. गोळा वर पोहोचेपर्यंत ते तिथं थांबतंय कशाला?

मास्तर आमच्या तुकडीचे प्रमुख. युद्धाआधी शाळेत गणित शिकवायचे. अंगावर खाकी चढली तरी बोलताना अंगठा बोटांवर चोळायची सवय सुटली नव्हती, जणू खडूची भुकटी झाडताहेत.

तोफांच्या मधोमध तिपाईवर एक मोठी लोखंडी पेटी होती. तिला चारी बाजूंनी चाकं आणि तबकड्या. विमान कुठल्या दिशेला आहे, किती उंचीवर आहे, कसं सरकतंय, हे आम्ही मुली चाकं फिरवून तिच्यात भरायचो, काट्यावर काटा जुळवत राहायचो, आणि गोळा पोहोचेल तेव्हा विमान कुठं असेल ते ती पेटी सांगायची. आम्ही तिला ज्योतिषी म्हणायचो. गोळे भरणारा पैलवान जाता-येता मला छेडायचा, "माझं लग्न कधी व्हायचं ते विचार गं तुझ्या ज्योतिष्याला."

"आधी उंची सांग," मी म्हणायचे. तो जेमतेम तोफेच्या चाकाएवढा होता.

ज्योतिष्याचं उत्तर तारेतून तोफेवरच्या तबकडीत जायचं. तोफेवरची माणसं त्या तबकडीकडे तोंड करून बसलेली असायची. आपला काटा आमच्या काट्यावर आणून ठेवणं एवढंच त्यांचं काम. नळी कुणीकडे वळली हे बघायचं त्यांना कारणच नसायचं.

हे झालं निरभ्र दिवसाचं. ढग आले की दुर्बिणी आंधळ्या. मग सगळी भिस्त कर्ण्यांवर. तोफांच्या दणक्यापासून दूर, उताराच्या तळाला, एका फिरत्या चौकटीवर चार अजस्र कर्णे बसवले होते, आणि त्यांच्या नळ्या दोन खुर्च्यांवरच्या दोन माणसांच्या कानांत जायच्या. एक डावं-उजवं ऐकायचा, दुसरा वर-खाली. दोन्ही कानांत आवाज सारखा भरला, अगदी कपाळाच्या मधोमध येऊन बसला, की समजायचं कर्णे नेमके त्याच्यावर आहेत. मग ते अंश टेलिफोनवरून माझ्या कानात.

डाव्या-उजव्याला होती माझी वहिनी. सख्ख्या भावाची बायको. दादा समुद्रापलीकडे आघाडीवर होता, महिनोन्महिने त्याची खबर नसायची. घरात एकमेकींची तोंडं बघत कुढण्यापेक्षा आम्ही दोघींनी एकदमच नाव दिलं. मी वहिनी म्हणायचे, म्हणून अख्खी तुकडीच तिला वहिनी म्हणायला लागली. वर-खालीच्या खुर्चीवरचा न्हावीसुद्धा, जो तिच्या वडिलांच्या वयाचा होता. ती मात्र मला चारचौघांत मुद्दाम मान लववून "वन्सं" म्हणायची आणि झोपडीत शिरलो की "अगं ए".

एकदा चहा पिता पिता ती सहज म्हणाली, "मास्तर, ढगातल्या विमानाचा आवाज माझ्यापर्यंत येतो तोवर ते पुढे गेलेलं असतं. म्हणजे मी ऐकते ते होतं तिथं. वन्सं सांगतात ते असेल तिथं. मग ते आहे कुठं?"

मास्तर अंगठा चोळत विचार करायला लागले. न्हावी म्हणाला, "ते त्या बिचाऱ्यालाच ठाऊक."

आम्ही हसलो. तेव्हा आम्ही बऱ्याच गोष्टींना हसायचो.

२

ढगांचे दिवस लागले होते. जेवणं उरकून आम्ही भांडी विसळत होतो तेवढ्यात खालून घंटी वाजली. मी धावत जाऊन कानाला फोन लावला.

"एक आहे," वहिनी म्हणाली. "एकटंच. लंगडतंय."

"लंगडतंय म्हणजे?"

"एंजिन मधेच एक ठोका गाळतंय. घिरट्या घालतंय गं ते."

मास्तरांनी मुख्यालयाला विचारलं, आपलं कुणी वर आहे का. कुणी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, नीट बघून सांगा म्हणाले. पुन्हा तेच उत्तर. तोवर सगळे आपापल्या जागी बसले होते. पण घिरट्या घालणाऱ्याचं भविष्य सांगता येत नाही. ज्योतिष्याला सरळ चालणारा माणूस लागतो. मी चाक फिरवायचे आणि काटा निसटायचा.

असं बराच वेळ चाललं. मग वहिनी म्हणाली, "सरळ झालं."

"नक्की?"

"हो. आपल्याकडेच येतंय." ती पुढे म्हणाली, "मास्तरांना विचार ना, जरा थांबता येईल का. ते काहीतरी शोधतंय."

मी विचारलं. मास्तर म्हणाले, "आपल्यालाच शोधतंय." यात चुकीचं काहीच नव्हतं. टेकडीमागे शहर होतं, शहरात माणसं होती.

काटे जुळले. पैलवानाने गोळा आत सारला. मास्तरांचा हात खाली आला, आणि सगळ्या तोफा एकदम बोलल्या. पायाखालची माती उडून दातांत आली. ढगांच्या आत काहीतरी पिवळं फुटलं आणि विझलं.

"वहिनी? पडलं का?"

"नाही," ती म्हणाली. "थांबलं."

"म्हणजे पडलंच ना?"

"पडताना आवाज होतो गं. हे थांबलं."

इकडे वर पैलवान खांद्यावर टॉवेल टाकून नाचत होता.

३

खाडीत होड्या घालून शोधलं. पलीकडची शेतं पायाखाली घातली. पत्र्याचा तुकडा नाही की पाण्यावर तेलाचा तवंग नाही. आणि मुख्यालयातून निरोप आला, की त्या दिवशी शत्रूने आपल्या बाजूला एकही विमान पाठवलं नव्हतं. आपलंही एकही बेपत्ता नव्हतं.

"म्हणजे आपण ढगाला मारलं," मास्तर म्हणाले, आणि हसले. त्यांच्या हसण्यात सुटल्याची भावना होती. तिचा मला राग आला नाही. मीही हसले.

पण चार कानांनी ते ऐकलं होतं. न्हावी मोठा बोलघेवडा माणूस, त्या दिवसापासून दाढी करताना गिऱ्हाइकाशी बोलेनासा झाला. वहिनी तर मुळातच कमी बोलायची. ती नळावर कपडे पिळता पिळता म्हणाली, "मी सरळ झालं म्हणाले, म्हणून मारलं ना?"

"तू नसतं सांगितलंस तर न्हाव्याने सांगितलं असतं. तुमचं कामच आहे ते."

"हो. कामच आहे." तिने पीळ सोडला, पुन्हा घातला. "पण ते सरळ का झालं असेल?"

आज इतकी वर्षं मी त्या दुपारचा सगळा क्रम मनात उलटसुलट तपासून पाहिलाय. विचारायचं त्याला विचारलं होतं. थांबायचं तेवढं थांबलो होतो. काटे बरोबर होते, हुकूम बरोबर होता. कुणाचीही चूक नव्हती. तेच सोसत नाही. चूक असती तर ती कुणाच्या तरी पदरात टाकून मोकळं होता आलं असतं.

४

पुढच्या ढगाळ दुपारी ते पुन्हा आलं.

"तेच," वहिनी फोनवर म्हणाली. "तोच ठोका गाळतंय."

बाहेर कान देऊन बघितलं तर चिमण्या आणि वारा. दुर्बिणीवाली म्हणाली मला काही ऐकू येत नाही, तोफेवरचे म्हणाले आम्हालाही नाही. फक्त कर्ण्यांत होतं ते. मास्तर स्वतः उतार उतरून खाली गेले, न्हाव्याला उठवून त्याच्या खुर्चीवर बसले, नळ्या कानांत घातल्या. मी निरोपासाठी तिथंच उभी होते. मास्तरांचा अंगठा बोटांवर चोळला जात होता, तो मधेच थांबला. मग त्यांनी नळ्या काढून ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वारा आहे. तोफ चालवायची नाही."

त्यानंतर जेव्हा जेव्हा ढग उतरायचे तेव्हा तेव्हा ते यायचं. आणि दर खेपेला आणखी खालून यायचं. मला टेकडीवरून कर्ण्यांची तोंडं दिसायची. आधी ती आभाळात रोखलेली असायची. मग पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर आली. मग झाडांच्या बुंध्यांवर. न्हावी उंचीचे अंश सांगायचा तेव्हा त्याचा आवाज त्या आकड्यांबरोबर खाली खाली जायचा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हते आणि नाही. आवाज जमिनीच्या जवळून येतोय म्हणजे तो जमिनीवरच्या कशाचा तरी असणार. खाडीकाठी एक जुनी पंपाची खोली होती. पंपाचं एंजिन बिघडलं की ठोके गाळतं, हे लहान मुलालाही कळेल. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम तिथवर चालत गेले. इतकी खात्री होती, की वाटेत मी गुणगुणत होते.

खोलीत जाळीजळमटं होती. राखणदार म्हणाला, "हा? हा बंद पडून किती काळ लोटला, बाई. दुरुस्त करणारा लढाईवर गेलाय."

तरीही वर आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, की पंपच आहे. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. पैलवान तर म्हणाला, "मी आधीच म्हटलं होतं." त्याने कधीच म्हटलं नव्हतं.

वहिनी उठली आणि उतार उतरून कर्ण्यांकडे गेली.

५

न्हावी एके सकाळी वळकटी बांधून निघाला. डोकं दुखतं, अंग कापतं, असं काहीबाही सांगून त्याने डॉक्टरकडून चिठ्ठी मिळवली होती. लॉरीत चढायच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं.

"उभा जन्म लोकांच्या कानांमागून वस्तरा फिरवला मी," तो म्हणाला. "कुणाला ओरखडा नाही. आता हात बघ." त्याचे हात खरंच थरथरत होते. "काल कर्णे मातीकडे तोंड करून होते, पोरी. खाली, मातीकडे. आणि आवाज कपाळाच्या बरोब्बर मधोमध."

"पंप असेल, काका."

"असेल," तो म्हणाला. "पण वहिनीला तिथून उठव."

त्याच्या जागी माणूस पाठवतो असं मुख्यालयाने कळवलं. माणूस आला नाही. वर-खालीची खुर्ची रिकामी राहिली.

न्हावी गेला त्या दुपारी आम्ही झोपडीत दोघीच होतो. पत्र्याचं छप्पर, दोन खाटा, मधे खोक्यावर आरसा. वहिनी आरशासमोर केस विंचरत होती आणि विंचरता विंचरता तिचा हात थांबला.

"तुझे दादा एकदा सांगत होते," ती म्हणाली, "ढगात शिरलं की वैमानिकाला वर-खाली कळेनासं होतं म्हणे. पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखं. त्याला वाटतं आपण वर चाललोय आणि तो खाली चाललेला असतो."

"बरं मग?"

"तो तेवढंच विचारतोय."

"कोण तो?"

"खाली कुठंय, एवढंच. पहिल्या दिवशीही तेच विचारत होता. एंजिनाच्या आवाजाच्या आत असतं ते, ठोका गळतो ना, त्या फटीत. मला वाटलं मला भास होतोय, म्हणून मी बोलले नाही." तिने फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले. "सरळ झाला तो आपल्याकडे बघून सरळ झाला असणार. म्हणाला असेल, इथं माणसं आहेत, ही सांगतील."

मी म्हटलं, "वहिनी, तू चार दिवस घरी जा. मी मास्तरांशी बोलते."

"मग त्याचं ऐकेल कोण?"

"अगं, पण कुणाचं? कुणी नाहीये तिथं! ना आपलं, ना त्यांचं!"

"म्हणून तर," वहिनी म्हणाली. "त्याचं कुणीच नाही."

मी मास्तरांशी बोलले. नवा माणूस आला की दोघींना रजा देतो म्हणाले. मी हट्ट धरायला हवा होता, की तिला हाताला धरून घरी न्यायला हवं होतं, हे आता सुचतं. तेव्हा मला एवढंच सुचलं, की तिच्या खाटेवर माझी घोंगडी टाकावी. गारठा वाढला होता.

६

मग ढग खालीच आले. सकाळी दार उघडलं तर बाहेर काहीच नव्हतं. पांढरं धुकं, आपलाच हात लांब केला की पुसट व्हावा एवढं दाट. आणि नेमकी त्याच सकाळी किनाऱ्यावरून खरी इशारत आली, की शत्रूची विमानं निघाली आहेत, सज्ज राहा.

आम्ही चाचपडत जागेवर गेलो. वहिनी टेलिफोनची तार हातात धरून उतार उतरली. जाताना म्हणाली, "येते हं."

बराच वेळ काही नाही. दवाचे थेंब ज्योतिष्याच्या पत्र्यावरून ओघळत होते. मग माझ्या कानात वहिनीचा आवाज आला.

"आलं."

तिने दिशा सांगितली, मी भरली. उंची सांगितली, मी भरली. उंची फार नव्हती. तिने पुन्हा दिशा सांगितली, पुन्हा उंची, आणि काटे कसे लोण्यातून सुरी जावी तसे सरकायला लागले. इतकं सरळ, इतकं सावकाश चालणारं विमान मी कधी पाहिलं नव्हतं.

"हळू," वहिनी म्हणाली.

मी चाक हळू केलं.

"अजून थोडं. घाई नको. डावीकडे... हां. असंच."

"वहिनी, अंश सांग ना. हळू म्हणजे किती?"

"तुला नाही गं सांगत," ती म्हणाली.

माझ्या शेजारची पोरगी तबकडीवर वाकली आणि म्हणाली, "हे काय? हे तर जमिनीवरून चालतंय." आणि तेवढ्यात धुक्यातून पैलवानाची हाक आली. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मास्तर! नळी खाली येतेय! पार आडवी झाली!"

"कुणीकडे?" मास्तर ओरडले.

पैलवान नळीवर हात ठेवून तिच्याबरोबर चालत गेला असावा. त्याची पावलं ऐकू आली, मग थांबली.

"उताराकडे," तो म्हणाला. "कर्ण्यांकडे."

"चाकं सोडा! सगळ्यांनी हात वर! गोळा बाहेर काढा!"

आम्ही हात वर केले. मी दोन्ही हात डोक्यावर धरून उभी होते आणि माझ्या समोर काटा तरीही केसभर, अजून केसभर सरकत होता. जड चाकं असतात, सोडली तरी थोडी फिरतात. मी स्वतःला हेच सांगत आले आहे.

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जा. बघ."

मी तार मुठीत धरून उतरायला लागले. गवत ओलं होतं, पाय घसरत होते. मागे तोफा गप्प, पुढे कर्णे गप्प. अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात एक साधा हिशेब आला आणि मी तिथंच थांबले. वहिनी डाव्या-उजव्याच्या खुर्चीवर बसते. तिच्या हाताला एकच चाक लागतं, दिशेचं. उंचीचं चाक पलीकडच्या खुर्चीला आहे. ती मला उंची सांगत होती. न चुकता, न अडखळता.

मग ते चाक फिरवतंय कोण?

परत फिरावंसं वाटलं. तार मात्र सोडवेना. मी पुढे गेले.

आधी कर्णे दिसले, मान खाली घातलेल्या जनावरांसारखे, तोंडं गवताला टेकायला आलेली. मग धुकं थोडं फाटलं आणि वहिनीची पाठ दिसली, तिची शाल, कानांत नळ्या. तिच्या पलीकडे दुसरी पाठ होती. चामड्याचा कोट, इतका भिजलेला की काळा पडला होता, आणि कानांवर पट्टे असलेली टोपी. मान नळ्यांकडे वाकलेली, समजून घेणाऱ्या पोरासारखी. एक हात चाकावर होता आणि तो ते चाक तिळातिळाने फिरवत होता.

"आलंच," वहिनी त्याला म्हणत होती. आजारी माणसाला पायऱ्या उतरवताना बोलावं, तसं. "थोडंसंच राहिलंय. हां. बस्. टेकलं."

चाकावरचा हात सुटला. त्याने मान वर केली. खांदे वळायला लागले, माझ्याकडे.

धुकं पुन्हा मिटलं. म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगितलं. खरं म्हणजे मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. ओली होती. धुक्यात सगळंच ओलं असतं.

"वहिनी!"

ती बसून होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर अशी निवांत कळा की कितीतरी दिवसांत मी पाहिली नव्हती. मी पुन्हा हाक मारली. अगदी कानाशी जाऊन मारली. शेवटी खांदा धरला तेव्हा ती दचकली आणि माझ्या ओठांकडे बघायला लागली.

"काय गं?" ती म्हणाली. "मोठ्याने बोल की."

७

शत्रूची विमानं त्या दिवशी धुक्यामुळे आलीच नाहीत. डॉक्टरांनी वहिनीचे कान बॅटरी लावून बघितले. कानांत काहीही बिघाड नाही म्हणाले. तोफांच्या दणक्याने होतं असं, येईल हळूहळू. आलं नाही. आम्हा दोघींना सोडण्यात आलं. टेकडीवर पुढे ढगाळ दिवस आले आणि गेले, कर्ण्यांत पुन्हा काही आलं नाही, असं मास्तरांनी एकदा रस्त्यात भेटले तेव्हा सांगितलं. ते पुन्हा शाळेत जात होते. वहिनीची चौकशी केली आणि उत्तर ऐकायच्या आत निघून गेले.

घरी ती सगळं करायची. ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली, शेजारणींशी हसायची. दुःखी नव्हती ती, हे मला जास्त लागायचं. फक्त दिवसा रस्त्याकडचं दार लावू द्यायची नाही. वारा येतो म्हटलं तर म्हणायची, "येऊ दे."

युद्ध संपलं. एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि दारात सावली आली. दादा होता. अर्धा झाला होता, दाढी पिकली होती. मी किंचाळणार तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं. आत वहिनी खिडकीकडे तोंड करून शिवण शिवत बसली होती. त्याला तिची गंमत करायची होती. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो कुठं आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, तर कळवायचं कसं?

त्याने तिला हाक मारली. तिच्या ज्या नावाने फक्त तोच हाक मारायचा, त्या नावाने.

सुई वर गेली, खाली आली.

त्याने पुन्हा मारली. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. "रागावलीय?" त्याने मला विचारलं. मी कानाला हात लावला, त्याला ते कळलं नाही. तो तिथंच उभा राहिला, हातातलं बोचकं न ठेवता, आणि तिसऱ्यांदा हाक मारली, अगदी हळू, मागितल्यासारखी.

वहिनी आपण होऊनच वळली. वारा लागला असेल पाठीला. तिने त्याला पाहिलं, शिवण खाली पडलं. ती उठून आली, दोन्ही तळव्यांत त्याचा चेहरा धरला आणि म्हणाली, "किती वाळलात हो." दादा रडायला लागला. मीही. तो काय काय बोलत होता, इतक्या महिन्यांचं साठलेलं, तिच्या केसांत तोंड खुपसून. ओठ दिसत नव्हते, म्हणून तिला त्यातला एक शब्द कळला नाही.

मग तिने त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. घरच्यांची गळाभेट चाललीय म्हणून संकोचाने बाहेर थांबलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसं. आणि म्हणाली,

"तुम्हीपण या ना आत."

"आलोय की गं," दादा हसत, रडत म्हणाला. तो केव्हाच आत होता.

तिची नजर त्याच्यावर नव्हती. ती नजर दारातून आत आली, भिंतीच्या कडेने, हळू, घाई न करता, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर टेकली.

दादा अजूनही कुणी आलं-गेलं की तो दिवस सांगतो. डोळे पुसत सांगतो, की मी आलो तेव्हा दार सताड उघडं होतं, बिचारी माझी वाट बघत होती.

मी त्याला तसंच वाटू दिलंय.